बारा पावलांवरची विहीर

"खड्ड्यात पाणी कुठलं ओतायचं, सर?"

प्रश्न साधा होता. नोव्हेंबरातल्या गुरुवारची दुपार, गाझियाबादच्या टेलिफोन प्रशिक्षण केंद्रातला पाच आठवड्यांच्या वर्गाचा शेवटचा तास, आणि गुलाबराव तायडे फळ्यावर आपला अर्थिंगचा खड्डा काढत होते. गेली अकरा वर्षं ते हा खड्डा काढत आले होते. आधी तांब्याची पट्टी, तिच्याभोवती कोळशाचा थर, मग मिठाचा, पुन्हा कोळशाचा, पुन्हा मिठाचा, आणि वरून आत जाणारी एक नळी. "यंत्र कितीही नवं असो," ते दर वर्गाला सांगत, "आकाशातली वीज त्याला ओळखत नाही. तिला जमिनीत उतरायला वाट दिली नाही, तर ती यंत्रातूनच वाट काढते. वाट आपणच करून द्यायची." मीठ ओल धरतं, ओल वीज वाहून नेते, आणि जमीन सुकली की नळीतून बादलीभर पाणी सोडायचं. समोर चौदा देशांची माणसं बसली होती: भूतानची, व्हिएतनामची, मंगोलियाची, मालदीवची, फिजीची. एकेका गावाला पुरेल असं छोटं टेलिफोन एक्स्चेंज कसं उभारायचं, हे शिकायला हे देश एकत्र आले होते, आणि सगळ्यांनी मिळून वापरायची एकच पुस्तिका, जिचा मसुदा सगळ्या देशांत आधीच पोचला होता, उद्या, शुक्रवारी, सकाळी दहाच्या बैठकीत मंजूर व्हायची होती. तिचं सातवं प्रकरण, म्हणजे हा खड्डा, गुलाबरावांचं होतं. प्रश्न विचारणारी तेबोरा शेवटच्या बाकावर होती. प्रशांत महासागरातल्या ज्या बेटांच्या देशातून ती आली होती, त्याचं नकाशातलं नाव त्या देशापेक्षा मोठं दिसायचं.

"कुठलंही स्वच्छ पाणी," गुलाबराव म्हणाले. "जवळ काय आहे तुमच्या?"

"शाळेची विहीर आहे, सर. खड्डा शाळेच्या आवारातच आहे. विहिरीपासून बारा पावलांवर."

"बारा पावलं! मग तुम्ही भाग्यवान. आमच्या राजस्थानात लाइनमनला दोन-दोन मैलांवरून पाणी आणावं लागतं." वर्ग हसला. तीही हसली. खाली मान घालून तिनं वहीत काहीतरी लिहिलं, आणि लिहून झाल्यावर पेनाला टोपण न लावता ती तशीच बसून राहिली, एखादी गोष्ट संपली नसल्यासारखी. घंटा झाली. गुलाबरावांनी फळा पुसला नाही. शेवटच्या तासाचा फळा ते कधीच पुसत नसत.

परतीच्या चार्टर्ड बसमध्ये ते नेहमीच्या खिडकीशी बसले आणि मोहननगरच्या पुढे कुठेतरी त्यांच्या लक्षात आलं, की आपण पावलं मोजतोय. रस्त्याकडेच्या अर्धवट इमारती मागे सरकत होत्या, बांबूंच्या परांचींत उभ्या असलेल्या, खिडक्यांच्या जागी नुसती चौकोनी भोकं, आणि त्यांच्या डोक्यांवर मोबाइल कंपन्यांच्या पाट्या, ज्यांत एक गोरटेली बाई कानाशी फोन धरून कुणाकडे तरी बघून हसत होती. एक, दोन, तीन, बारा. बारा पावलं म्हणजे दिल्लीतल्या त्यांच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरच्या दारापासून कोपऱ्यावरच्या नळापर्यंत. फार नाही. पण यात मोजण्यासारखं काय आहे? ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना राजाभाऊ आठवले. नागपूरला नोकरीच्या पहिल्या वर्षी ज्यांनी हाताला धरून काम शिकवलं ते राजाभाऊ, सायकलच्या हँडलला मिठाची पिशवी अडकवून एका एक्स्चेंजवरून दुसऱ्या एक्स्चेंजवर फिरणारे. मे महिन्यात खड्ड्याच्या नळीत खारं पाणी ओतताना ते उकिडवे बसायचे आणि नळीला कान लावायचे. "पितेय बघ," म्हणायचे. "जमिनीला तहान लागते, गुलाब. माणसानं विचारायला पाहिजे तिला." गुलाबरावांनी पुढे हे वाक्य इंग्रजीत करून वर्गात वापरलं होतं. मंगोलियाच्या माणसानं ते लिहूनही घेतलं होतं. जमिनीला विचारायला पाहिजे. मग आज तेबोराला त्यांनी काय विचारलं? जवळ काय आहे, एवढंच. विहीर किती खोल, ते नाही. त्यांच्या मनातल्या सगळ्या विहिरी आपोआप साठ फूट खोल होत्या, दगडी, रहाट लावलेल्या, खाली डोकावलं की आपलाच आवाज परत देणाऱ्या. आणि तरी, सगळ्याच तशा नव्हत्या. एक विहीर त्यांच्या ओळखीची होती, जी त्यांनी तीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती, आणि बस यमुनेच्या पुलावर चढली तेव्हा ती विहीर वर यायला लागली.

त्यांचं गाव दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या काठचं. तो सगळाच खारपाणपट्टा. विहीर खणली की खारं पाणी, हातपंप टाकला की खारं पाणी, कपडे वाळले की दोरीवर पांढरी किनार. गोड पाण्यासाठी बायका नदीपलीकडे जायच्या. पण पाऊस झाल्यावर चारसहा दिवस त्यांच्या घरामागच्या विहिरीला काहीतरी व्हायचं. माय त्या दिवसांत बादली सोडायची नाही. दोराला एक पसरट पितळी भांडं बांधून ते ती इतकं हळू खाली सोडायची, की पाण्यावर वर्तुळ उठू नये. भांडं नुसतं टेकायचं, कलायचं आणि भरायचं. लहानग्या गुलाबनं एकदा हट्टानं दोर हातात घेतला, भांडं दण्णकन आत सोडलं, आणि मायनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "वरचं वर घे रे! ढवळू नोको. गोडं वर तरंगते, खारं खाली बसते. ढवळलं का गेलं सारं." त्या दिवशी घरात कुणी चहा प्यायलं नव्हतं. त्या ढवळलेल्या पाण्याची चव त्यांना अजून आठवत होती. खारट नाही, कडूही नाही. जीभ तिच्याशी बोलायला तयार नसायची. पुलावरच्या वाऱ्यात गुलाबरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. म्हणजे पाऊस पडतो, जमिनीत मुरतो आणि खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. गोडं पाणी म्हणजे वरचा एक पातळ थर, दुधावर साय असावी तसा. मग ज्या बेटाच्या चारी बाजूंना आणि खालीही समुद्रच आहे, तिथली शाळेची विहीर काय असेल? आणि तिच्यापासून बारा पावलांवर माणसं खड्डा खणून त्यात पोत्यानं मीठ ओततील. सातव्या प्रकरणात लिहिलंय म्हणून. गुलाबराव तायड्यांनी लिहिलंय म्हणून. बस आश्रम चौकात अडकली. शेजारच्या माणसानं विचारलं, "तबीयत ठीक है, तायडेजी?" तेव्हा त्यांना कळलं, की आपण पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसलोय.

घरी नात निधी दारातच होती. मुलगी केतकी आणि जावई गुडगावच्या नव्या वसाहतीत राहायला गेले होते, पण निधीची शाळा इकडेच असल्यामुळे ती सोमवार ते शुक्रवार आजी-आजोबांकडे असायची. भिंतीशी नवी बॅग उभी होती, चाकांची, गडद निळी. पुस्तिका मंजूर झाली की डिसेंबरात बँकॉकच्या मोठ्या परिषदेत ती मांडायला गुलाबराव जाणार होते. मार्चमध्ये निवृत्ती, आणि त्याआधी आयुष्यातलं पहिलं विमान. त्यांच्या बायकोनं, शालिनीताईंनी, सरोजिनी मार्केटात घासाघीस करून ती बॅग आणली होती. "एक्सपोर्ट का माल आहे म्हणे. त्याला म्हटलं, एक्सपोर्टच होणार आहे, भाव नीट लाव." रोज संध्याकाळी निधी त्या बॅगेवर बसायची आणि आजोबांनी तिला व्हरांड्याच्या टोकापर्यंत ओढत न्यायचं, असा नेम होता. आज त्यांनी ओढली नाही. त्यांनी विचारलं, "निधी, एक गंमत बघायची? आजीकडून काचेचा मोठा ग्लास आण. आणि मीठ. आणि तुझी शाईची दौत."

"माझा चांगला ग्लास शाईचा करू नका हं," शालिनीताई आतून म्हणाल्या, आणि ग्लास दिला.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांनी अर्ध्या ग्लास पाण्यात चार चमचे मीठ ढवळलं आणि शाईचे दोन थेंब टाकले. पाणी निळं झालं. "हा समुद्र," ते म्हणाले. मग चमचा पालथा करून तो निळ्या पाण्याला टेकवला, आणि साधं पाणी चमच्याच्या पाठीवरून थेंबाथेंबानं सोडलं. पन्नास वर्षांनी त्यांचा हात मायच्या भांड्याची चाल बरोबर आठवत होता. निळ्यावर एक स्वच्छ, पारदर्शक थर चढत गेला, आणि दोघांच्या मध्ये एक रेघ उभी राहिली.

"अरे वा! मिक्स क्यों नहीं होता, आजोबा?"

"तू सांग."

निधीनं ग्लास डोळ्यांच्या पातळीवर आणून बघितला. मुलं अशी बघतात तेव्हा गुलाबराव कधीच मध्ये बोलत नसत. उत्तर आपण दिलं की ते आपलं राहतं, त्यांचं होत नाही. "खालचं जड आहे," ती शेवटी म्हणाली. "मीठवालं जड. वरचं हलकं. म्हणून ते, काय म्हणतात, फ्लोट..."

"तरंगतं."

"हां, तरंगतं. वरचं पिऊ शकतो?" तिनं चमच्यानं वरचं पाणी घेतलं, आणि चाखून मान डोलावली. मग गुलाबरावांनी चिमूटभर मीठ घेतलं आणि वरून टाकलं. बारा पावलं, ते मनात म्हणाले. मिठाचे कण वरच्या थरातून खाली जाताना मागे काचेसारख्या वाकड्या रेघा सोडत गेले. रेघ हलली. निळं वर चढलं, स्वच्छ खाली ओढलं गेलं. त्यांनी अजून एक चिमूट टाकली, आणि मिनिटाभरात ग्लासात नुसतं आकाशी पाणी उरलं, ज्यात वर-खाली काही नव्हतं. निधीनं परत चमचा बुडवला. "छी!" ती म्हणाली, आणि तोंड पुसत रागानं त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही का टाकलं? अच्छा-भला पाणी होतं!"

"अब पहले जैसा कर दो," ती म्हणाली. ते म्हणाले, "तसं करता येत नाही, बाळा." शालिनीताईंनी कणीक मळता मळता नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "काय झालंय?" त्यांनी विचारलं. गुलाबरावांनी सांगितलं. सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. बसमध्ये ते केवढं मोठं होतं. "मग उद्या सांगा की तिला," शालिनीताई म्हणाल्या. "तिला सांगून भागायचं नाही. पुस्तिका थांबवावी लागेल." शालिनीताईंची नजर बॅगेवर गेली आणि लगेच परत परातीत आली. "तुमची माय असती तर काय म्हणाली असती?" एवढंच त्या म्हणाल्या. "धपाटा घातला असता," गुलाबराव म्हणाले.

सकाळी नऊलाच ते केंद्रात पोचले. डब्याच्या पिशवीत ग्लास, मिठाची पुडी, दौत आणि चमचा. निधीनं स्वतः भरून दिलं होतं. तेबोरा हॉस्टेलच्या पायरीवर उन्हात बसली होती, दिल्लीची थंडी सोसत नसल्यामुळे दोन स्वेटर घालून. गुलाबराव तिच्याशेजारी पायरीवरच बसले. "विहीर किती खोल आहे?" त्यांनी विचारलं. तिनं उभं राहून आपल्या कमरेच्या जरा वर हात लावला. "इथं पाणी. वाकून बादलीनंच काढतो, सर. दोर लागत नाही."

"आणि खड्डा?"

"पुस्तिकेत आहे ना, ओल लागेपर्यंत खणा. आम्हाला तीन फुटांवर ओल लागली. माझ्या मेहुण्यानं खणला. मिठाची दोन पोती जहाजानं मागवली. सगळं गाव हसलं. चहूकडे समुद्र, आणि हे मीठ विकत आणतायत." ती हसली आणि मग थांबली. "उद्या शनिवारी सकाळी भरणार आहेत. पाहुणे येणार आहेत राजधानीहून."

"तुला माहीत होतं," गुलाबराव म्हणाले. "काल तुला माहीत होतं. मग बोलली का नाहीस?"

"मी विचारलं ना, सर," तेबोरा म्हणाली. "आमच्याकडे गुरुजी चुकले असं कुणी म्हणत नाही. आम्ही विचारतो. गुरुजी शहाणे असतील तर घरी जाऊन विचार करतात."

लाज वाटावी असंच ते वाक्य होतं, पण त्यांना लाज वाटली नाही. खूप वेळ आखडलेला पाय सरळ करावा तसं काहीसं वाटलं. "तू कळव त्यांना. आत्ता," ते म्हणाले. तिनं मान हलवली. तिच्या एकटीच्या शब्दानं थांबणार नाहीत. राजधानीच्या कार्यालयाचा हुकूम होता, पुस्तिकेत आहे तसंच करायचं, काना-मात्रा बदलायचा नाही, बाहेरच्या देशातल्या तज्ज्ञांनी सही केली आहे. तुमची सही लागेल, सर. आणि बेटावर फोन नाही, तो तर आता येणार आहे. राजधानीत फॅक्स आहे. राजधानीहून बेटाशी रोज संध्याकाळी पाच वाजता रेडिओवर बोलतात, दहा मिनिटं. त्यानंतर थेट उद्याच संध्याकाळी. तिथले पाच म्हणजे इथले साडेदहा, हा हिशेब तिनं वहीच्या मागच्या पानावर आधीच करून ठेवला होता. घड्याळात नऊ पंचवीस झाले होते.

संचालक परीक्षित कौल वयानं गुलाबरावांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते, आणि वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "तायडेजी, आप भी ना! चौदह देशों की सहमति बन चुकी है. आधे घंटे में मीटिंग है. एक छोटे से टापू के लिए पूरी किताब रोक दूँ? अगले एडिशन में डाल देंगे, बिल्कुल डाल देंगे."

"तिथलं मीठ उद्या पडणार आहे, साहेब," गुलाबराव घाईत मराठीतच बोलले, आणि मग हिंदीत म्हणाले, "पानी दोबारा मीठा नहीं होगा. सालों लग जाएँगे. बच्चों का स्कूल है."

"और बैंकॉक? किताब ही नहीं होगी तो क्या ले के जाएँगे? मार्च में तो आप रिटायर हो रहे हैं." हे त्यांनी खरोखर काळजीनं विचारलं. गुलाबरावांना निळी बॅग दिसली, तिच्यावर बसलेली निधी दिसली, आणि खिडकीतून ढग खाली दिसतात म्हणतात ते, जे त्यांनी कधी बघितले नव्हते. एक क्षण त्यांना फार वाईट वाटलं. तो क्षण त्यांनी नाकारला नाही. त्याला येऊ दिलं, बसू दिलं. मग ते म्हणाले, "तो मीटिंग में मैं ख़ुद कह दूँगा, कि मेरी ग़लती थी. और फ़ैक्स मेरे दस्तख़त से जाएगा." गुलाबरावांनी बाहेरच्या खोलीत उभ्यानंच कागदावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं: मीठ टाकू नका. सातवं प्रकरण त्या बेटासाठी चुकीचं आहे. चूक माझी आहे. पुढची सूचना येईपर्यंत खड्डा रिकामा ठेवा. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. हा कागद त्यांनी यंत्रात घातला, तो दोनदा कोराच गेला. मागून कौल साहेबांचा आवाज आला, "मैंने कुछ नहीं देखा. पर काग़ज़ आप उलटा लगा रहे हैं, तायडेजी." त्यांनीच तो सरळ करून लावला. दहा वाजून बारा मिनिटांनी यंत्रानं पोच दिली. तेबोरानं ती घडी करून वहीत ठेवली.

बैठकीला ते उशिरा शिरले. प्रकरण सातवर चर्चा नाही, मंजूर, असं कुणी तरी म्हणतच होतं. गुलाबराव टेबलाच्या टोकाशी गेले, पिशवीतून ग्लास काढला, पाण्याच्या बाटल्या समोर होत्याच. समुद्र केला, त्यावर पाऊस केला, रेघ उभी राहिली तेव्हा थांबले. मग मीठ टाकलं. चौदा देशांची माणसं खुर्च्यांतून पुढे झुकून, निधीसारखी, डोळ्यांच्या पातळीवर येऊन बघत होती. आकाशी पाणी हातात धरून ते म्हणाले, "मी गेली अकरा वर्षं जमीन एकच आहे असं समजून शिकवत होतो. माझ्या गावची जमीन मी विसरलो होतो." मग मालदीवचे गृहस्थ उठले आणि म्हणाले, आमच्याकडच्या विहिरीही अशाच. फिजीच्या लांबच्या बेटांवरही असंच, असं त्यांच्या शेजारची बाई म्हणाली. आणि मग तो मंगोलियाचा गप्प माणूस, पाच आठवड्यांत दोनदाच बोललेला, घसा खाकरून उभा राहिला. "आमच्याकडे खड्ड्यात ओतलेल्या पाण्याचा बर्फ होतो," तो म्हणाला. "सात महिने. मी तीन आठवडे ठरवतोय, हे विचारावं की नको." खोली हसण्यानं फुटली. कौलसुद्धा हसले. व्हिएतनामच्या बाईंना पुराच्या पाण्यात बुडणाऱ्या खड्ड्याचं सांगायचं होतं, भूतानच्या तरुणाला नुसत्या खडकाचं. आदल्या दिवसापर्यंत ज्यांनी मान डोलावून सगळं लिहून घेतलं होतं, ती माणसं आता एकमेकांना तोडत बोलत होती, फळ्याकडे जाऊन आपापली जमीन काढून दाखवत होती. सातवं प्रकरण मंजूर झालं नाही. पुस्तिका सहा महिने पुढे गेली. प्रत्येक देशानं आपली जमीन स्वतः लिहायची आणि सगळ्यांनी ती वाचायची, असं ठरलं. बेटासाठी काय करायचं ते जेवणाच्या सुट्टीत मालदीवच्या गृहस्थांच्या आणि तेबोराच्या डोक्यातून निघालं. मीठ किनाऱ्याच्या वाळूत आहेच, निसर्गानं भरून ठेवलंय. खड्डाच तिकडे न्यायचा, विहिरीपासून दूर, समुद्राच्या अंगाला, आणि तांब्याची लांब पट्टी आडवी पुरायची. गुलाबराव ऐकत होते. इतका चांगला वर्ग त्यांनी आजवर घेतला नव्हता, आणि आज ते शिकवतही नव्हते.

संध्याकाळी परतीची माणसं सामान बांधत होती. तांब्याच्या पट्टीचं एक वेटोळं केंद्रानं तेबोराला दिलं, आणि ते तिच्या पिशवीत मावेना. शनिवारी सकाळी गुलाबराव हॉस्टेलवर आले तेव्हा त्यांच्या मागे निळी बॅग चाकांवर खडखडत येत होती. वेटोळं तिच्यात मापानं केल्यासारखं बसलं. "एक्सपोर्टचा माल आहे," ते म्हणाले, आणि तेबोराला विनोद कळला नाही तरी ती हसली. बॅग गेली म्हणून निधी पुढच्या आठवड्यात दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. सोमवारी कार्यालयात फॅक्स आला, राजधानीहून, तीन ओळींचा: मीठ टाकलं नाही. पोती शाळेच्या व्हरांड्यात आहेत. मासे खारवायला घेऊ का? गुलाबरावांनी उत्तर दिलं, अवश्य घ्या.

डिसेंबर गेला. बँकॉकला कुणीच गेलं नाही, तिथल्या विषयपत्रिकेत पुस्तिका 'तयार होत आहे' एवढंच छापून आलं. मंगोलियाहून सोळा पानं आली, त्यांतली चार नुसती बर्फाच्या चित्रांची. गुलाबराव ती निधीला दाखवत. मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळी, निवृत्तीला दहा दिवस राहिले असताना, घरचा फोन वाजला. निधीनं उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर छातीशी धरून ओरडली, "आजोबा! बॅगवाली मावशी आहे! समुद्रातून बोलतेय!"

उपग्रहावरून येणारा आवाज अर्ध्या सेकंदानं उशिरा पोचतो. हे त्यांनी शेकडो जणांना शिकवलं होतं. बोला, थांबा, मग ऐका. घाई केलीत तर दोघांचे आवाज एकमेकांवर चढतात. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. तेबोरा म्हणाली, पहिले पन्नास फोन सुरू झाले, सर, परवा वादळात वीज पडली, यंत्राला काही झालं नाही, समुद्रात उतरून गेली. ती बोलायची थांबली तरी गुलाबराव थांबले. मग म्हणाले, "पाणी कसं आहे?"

तिचं हसू आधी पोचलं आणि मग शब्द. "मला वाटलं, तुम्ही फोनचं विचाराल." मग ती म्हणाली, "धरा हं," आणि रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. टेबलावर नसावा, लाकडाच्या फळीवर. त्यांना वारा ऐकू आला, आणि वाऱ्यात मुलांचा कालवा, शाळा सुटल्यासारखा. निधी त्यांच्या कोपराला लोंबकळत होती, तिलाही ऐकायचं होतं. त्यांनी खाली वाकून रिसीव्हर दोघांच्या मध्ये धरला. पावलं वाजली, जाणारी. गुलाबराव नकळत मोजू लागले. एक, दोन, तीन. बाराव्याला ती थांबली. मग आली ती बादलीची चाहूल, आणि ती टेकतानाचा आवाज त्यांनी बरोबर ओळखला. आपटून बुडवलेली नव्हती. हळू सोडलेली, कललेली, वरचं वर भरून घेणारी. मुलांचा कालवा बादलीभोवती गोळा झाला, आणि मग कुणीतरी लहान मूल श्वास न घेता गटागट पाणी प्यायलं. अर्ध्या सेकंदानं उशिरा, पण अगदी कानाशी.

"पितेय," निधी कुजबुजली.

गुलाबरावांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि दोघं ऐकत राहिले.